न निवडण्याची किंमत

नेटवर्क मार्केटिंगमध्ये नव्याने आलेल्या माणसाला जे धडे मिळतात, त्यांतला एक ऐकायला सगळ्यांत चांगला वाटतो: कोणालाही आधीच बाद करू नका. हा गरीब आहे, ही फारशी शिकलेली नाही, तो मोठ्या हुद्द्यावर आहे, आपल्याला दारातही उभं करणार नाही, असे निष्कर्ष मनातल्या मनात काढू नका. मन मोकळं ठेवा, प्लॅन सगळ्यांना दाखवा, निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्या. ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती तोच उद्या ‘डायमंड’ या वरच्या पदाला पोहोचतो, असं त्याला जोडून सांगितलं जातं. या सल्ल्याची बाजू घेणारे म्हणतात की यात धंद्याच्या सोयीपेक्षा मोठं काही आहे. जात, शिक्षण, इंग्रजी, वय, रूप असं काहीही न विचारता दार उघडणारा हा एकमेव व्यवसाय आहे, असा त्यांचा दावा असतो. मला हा दावा मुळातून चुकीचा वाटतो. जिथे येणाऱ्या माणसाला कोणीच पारखत नाही, तिथे त्याच्या अपयशाची झळ आणणाऱ्याला बसत नाही, आणि न पारखण्याचं खरं कारण तेच आहे. समतेची भाषा त्यावर नंतर चढलेली आहे, आणि तिची किंमत मोजतो तो ज्याला कोणी बाद केलं नाही तोच.

सल्ला प्रत्यक्षात कसा राबवला जातो हे यादीत दिसतं. नवी आयडी लागली, म्हणजे माणूस सदस्य झाला, की अपलाइन, म्हणजे त्याला आणणारी वरची साखळी, वही काढायला सांगते आणि शंभर नावं लिहायला लावते. घरचे, सासरचे, माहेरचे, गावाकडचे, शाळा-कॉलेजातले, ऑफिसातले, सोसायटीतले. ते संपले की किराणावाला, शिंपी, मुलांच्या शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर, कुठल्याशा लग्नात ओळख झालेलं जोडपं. मोबाइलमधली नावं वरपासून खालपर्यंत उतरवून काढायची. लिहिताना हात अडखळतोच. या आत्याच्या घरात नुकतंच मोठं आजारपण होऊन गेलं, या मित्राची नोकरी गेली, या भाच्याची फी अजून भरायची आहे. नेमका तिथेच धडा लागू होतो: तुम्ही कोण ठरवणार? नाव लिहा. नावापुढे फोन नंबर, भेटीची तारीख आणि फॉलो-अप यांचे रकाने असतात. या माणसावर कर्ज किती, दहा हजार बुडाले तर त्याच्या घरात काय होईल, त्याच्याकडून माल विकत घेणारं गिऱ्हाईक कोण, यासाठी रकाना नसतो. लिहिणाऱ्याचा हात अडखळला त्याला पूर्वग्रह म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे. वर्षानुवर्षांच्या संबंधातून आलेली ती माहिती होती, आणि माहितीसोबत काळजी होती. प्रशिक्षण त्याला पूर्वग्रहातून नव्हे, या काळजीतून मोकळं करतं.

माणसं निवडली जातात तिथे निवडणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. कारखानदार कामगार पारखतो, कारण महिन्याच्या शेवटी पगार त्याला द्यायचा असतो. बँक कर्जदाराची कागदपत्रं उलटसुलट करून बघते, कारण कर्ज बुडालं तर ते तिच्या खात्यात बुडतं. सेबीच्या 2013 च्या नियमांनुसार गुंतवणूक सल्लागाराला ग्राहकाची जोखीम पेलण्याची ताकद आधी तपासावीच लागते आणि सल्ला त्या ताकदीला साजेसा द्यावा लागतो. यांना पैशाच्या जगातली कठोर माणसं म्हणून बाजूला सारायचं असेल तर बचत गटाकडे बघावं. दहा-वीस बायका एका वस्तीतल्या, एकमेकींच्या घरची चूल ओळखणाऱ्या. गटात कोणाला घ्यायचं हे त्या विचार करून ठरवतात. महिन्याची बचत हिला झेपेल का, कर्ज घेतलं तर ही फेडेल का, अडचण आली तर लपवेल की बैठकीत सांगेल. कोणाला तुच्छ लेखायचं म्हणून हे प्रश्न विचारले जात नाहीत. एकीचा हप्ता चुकला की सगळ्यांच्या पैशाला धक्का लागतो, म्हणून विचारले जातात. नेटवर्कमध्ये हा धागा तुटलेला आहे. नव्या माणसाने पहिली खरेदी केली की तिचे पॉइंट वरच्या साखळीत नोंदले जातात. तो चार महिन्यांनी सोडून गेला, माल कपाटात पडून राहिला, बायकोची बोलणी खावी लागली, तरी या नुकसानाचा वाटा त्याला आणणाऱ्याकडे येत नाही. तो टिकला तर मोठा फायदा, नाही टिकला तर पहिल्या खरेदीपुरता. अपलाइनलाही टिकणारी माणसंच हवी असतात, असं यावर सांगितलं जाईल, आणि ते खरं आहे. पण टिकणारा कोण हे शोधण्यासाठी जे शंभर प्रयोग होतात त्यांचा खर्च ते शंभर जण करतात. खर्च दुसऱ्याचा असेल तर कोणालाही आधीच बाद न करणं अगदी सोपं होतं.

आता गणिताकडे येऊ, कारण सगळी उमेद तिथून निघते. बैठकीत पांढऱ्या फळ्यावर मधोमध एक गोल काढतात, त्यात ‘तुम्ही’ असं लिहितात. खाली सहा गोल. त्या सहांखाली प्रत्येकी सहा, म्हणजे छत्तीस. मग 216, मग 1,296. आकडे वाढतात तसा मार्करचा वेग वाढतो आणि बघणाऱ्याची नजर वरच्या गोलावर खिळते. नजर खाली न्यावी. वरून खालपर्यंत बेरीज होते 1,555 आणि त्यातले 1,296 जण सगळ्यांत खालच्या ओळीत आहेत. शंभरात त्र्याऐंशी माणसांच्या खाली कोणीही नाही. त्यांच्या वरची ओळ धरली तर शंभरातले सत्त्याण्णव जण शेवटच्या दोन ओळींत येतात. साखळी कधीतरी माणसं संपून थांबेल, असा इशारा नेहमी दिला जातो, आणि बाराव्या फेरीत 6 चा गुणाकार 217 कोटींच्या पुढे, देशाच्या लोकसंख्येपलीकडे जातो हेही खरं. पण तो इशारा थोडा दिशाभूल करणारा आहे, कारण त्यामुळे संकट लांब कुठेतरी असल्यासारखं वाटतं. प्रमाण तर पहिल्या दिवसापासून तेच आहे. साखळी वाढत असताना, सगळं जोरात चाललं असतानाही त्र्याऐंशी जण तळाशीच असतात.

प्रत्यक्षात साखळ्या फळ्यावरच्या इतक्या नीट नसतात. कोणाखाली तीस, कोणाखाली एकही नाही. म्हणून आकार कसाही असला तरी लागू पडणारी एक गोष्ट सांगतो. नेटवर्कमध्ये आलेल्या प्रत्येकाला कोणीतरी एकानेच आणलेलं असतं. म्हणजे एका साखळीत हजार माणसं असतील तर आणण्याच्या घटना 999 झाल्या. सोडून गेलेलेही या हिशेबात धरले तरी फरक पडत नाही. याचा अर्थ असा की आजवर आलेल्या माणसांनी सरासरी एकापेक्षा कमीच माणूस आणलेला असतो. ही सरासरी प्रशिक्षणाने वाढत नाही, जिद्दीने वाढत नाही, सकारात्मक विचारांनी वाढत नाही. दहा लीडरांनी प्रत्येकी तीस माणसं आणली असतील तर उरलेल्या 990 जणांच्या वाट्याला 699 येतात, म्हणजे त्यांतल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला शून्य. बायनरी प्लॅनमध्ये प्रत्येकाने आपल्याखाली दोन पाय, म्हणजे दोन शाखा, उभ्या करायच्या असतात आणि ‘फक्त दोन’ हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो. सगळ्यांनी मिळून दोनची सरासरी गाठणं अशक्य आहे. ‘हे कोणीही करू शकतं’ हे वाक्य एकेका माणसाबद्दल कदाचित खरं ठरेल, सगळ्यांबद्दल ते खोटं आहे, आणि सांगितलं जातं ते मात्र सगळ्यांना. कोणालाही बाद करू नका या सल्ल्याचा पाया हेच वाक्य आहे. ते काढून घेतलं की सल्ल्यात उरतं एवढंच: शक्य तितक्या लोकांना आत घ्या, त्यातले काही लागतील.

कमाईचे पुरावे याला दुजोरा देतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर 2024 मध्ये सत्तर कंपन्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेली कमाईची पत्रकं तपासून अहवाल काढला. बहुतेक सहभागी वर्षाला 1,000 डॉलर किंवा त्याहून कमी कमावत होते, म्हणजे महिन्याला 84 डॉलरच्या आत. सतरा कंपन्यांमध्ये तर बहुतेकांची कमाई शून्य होती. ही पत्रकं कंपन्यांनीच केलेली, त्यांतल्या अनेकांत काहीच न मिळालेली माणसं हिशेबाबाहेर ठेवलेली, आणि प्रवास, सेमिनार, स्वतःसाठीची खरेदी असे खर्च बहुधा न वजा केलेले. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एएआरपी फाउंडेशनने 2018 मध्ये केलेल्या पाहणीत 47 टक्के लोकांनी पैसे गमावल्याचं सांगितलं, 27 टक्क्यांची तोंडमिळवणी झाली होती आणि फायदा झाला तो साधारण चौथाई लोकांना. हर्बालाइफ या नेटवर्क कंपनीविरुद्धच्या तक्रारीत याच कमिशनने 2016 मध्ये मांडलं होतं की ‘सेल्स लीडर’ या पदाला पोहोचलेल्या वितरकांपैकीही निम्म्यांना किरकोळ विक्रीतून महिन्याला सरासरी पाच डॉलरसुद्धा सुटत नव्हते. त्या वर्षी झालेल्या तडजोडीत कंपनीने 20 कोटी डॉलर भरले आणि पुढच्या वर्षी सुमारे साडेतीन लाख लोकांना परतफेडीचे धनादेश गेले. एवढ्या माणसांना आत घेताना कोणालाही बाद केलं गेलं नव्हतं, हे लक्षात घ्यावं.

या आकड्यांवर व्यवसायाकडून एक उत्तर येतं आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते म्हणतात, सदस्यांतले बरेच जण कमवायला आलेलेच नसतात. साबण, प्रोटीन पावडर किंवा टूथपेस्ट सवलतीत मिळावी म्हणून त्यांनी आयडी घेतलेली असते. त्यांना कमाईच्या सरासरीत धरलं की ती कमी दिसणारच. यात तथ्य आहे. असे ग्राहक असतात आणि काही उत्पादनं चांगलीही असतात. पण मग त्यांना ग्राहक म्हणून वेगळं मोजावं. हर्बालाइफशी झालेल्या तडजोडीची एक अट तीच होती: सवलतीसाठी आलेले वेगळे, व्यवसायासाठी आलेले वेगळे, आणि व्यवसायातला मोबदला मुख्यतः नोंद ठेवलेल्या खऱ्याखुऱ्या विक्रीवर. शिवाय शंभर नावांच्या यादीतल्या माणसाला हॉटेलच्या सभागृहात नेऊन टूथपेस्टवरची सवलत कोणी सांगत नाही. त्याला मासिक उत्पन्न, गाडी, परदेशवारी, लवकर निवृत्ती दाखवतात. बोलावताना उद्योजक आणि पैसे गेल्यावर ग्राहक, अशी एकाच माणसाची दोन नावं एकाच वेळी चालणार नाहीत.

दुसरा आक्षेप असा की धंदे बुडतातच. चौकात दरवर्षी कितीतरी दुकानं उघडतात आणि बंद होतात, म्हणून दुकान काढणाऱ्याला कोणी अडवत नाही. बरोबर आहे. पण किराणा दुकानदाराचा नफा तांदूळ घेणाऱ्यांकडून येतो. आपल्या गिऱ्हाइकांना आपल्याच गल्लीत किराणा दुकान काढायला लावून तो जगत नाही. नेटवर्कमधला माणूस आपल्या चुलतभावाला, शेजारणीला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला त्याच मालाचे विक्रेते करतो आणि हे सगळे पुढे त्याच नातेवाइकांच्या आणि त्याच सोसायटीच्या यादीवर तुटून पडतात. एका लहान गावात एका कंपनीचे चाळीस वितरक झाले तर माल कोणाला विकायचा? कोणाला तरी एकेचाळिसावं करायचं, एवढाच मार्ग उरतो. दुकान बुडतं ते बाजाराच्या, जागेच्या, चुकीच्या मालाच्या कारणाने. साखळीतल्या तळाच्या माणसाचं अपयश मात्र वरच्याचं यश ज्या रचनेतून येतं त्या रचनेतूनच येतं.

कायद्याचा आधार इथे दोन्ही बाजू घेतात, म्हणून तो नीट बघायला हवा. 1979 मध्ये अमेरिकेत ॲमवे या नेटवर्क कंपनीला पिरॅमिड ठरवलं गेलं नाही, हे नेहमी सांगितलं जातं. तो निकाल कंपनीच्या तीन नियमांवर उभा होता. घेतलेल्या मालापैकी किमान 70 टक्के माल विकला गेल्याशिवाय बोनस नाही, महिन्याला किमान दहा किरकोळ ग्राहक हवेत आणि न खपलेला माल परत घ्यायचा. कसोटी ग्राहकांची होती. त्याआधी 1975 मध्ये कॉस्कॉट प्रकरणात कमिशनने पिरॅमिडची ओळख स्पष्ट केली होती: मोबदला बाहेरच्या ग्राहकाला झालेल्या विक्रीशी जोडलेला नसून माणसं भरती करण्याशी जोडलेला असणं. आपल्याकडे 1978 चा प्राइज चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स कायदा सदस्य आणण्यावर अवलंबून पैसे देण्याच्या आश्वासनाला मनी सर्क्युलेशन म्हणतो. 2007 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ॲमवेची भारतातली योजना या व्याख्येत येते असं म्हटलं. 2021 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनी धंद्याला मान्यता दिली, पण पिरॅमिड आणि मनी सर्क्युलेशनला मनाई करूनच दिली. म्हणजे कायदा विक्रीला संरक्षण देतो. प्रशिक्षणातला वेळ विक्री शिकवण्यात जातो की नावं काढण्यात, हे तिथे बसलेल्या कोणालाही माहीत असतं. ‘आमचा धंदा कायदेशीर आहे’ असं म्हणणाऱ्याने ‘कोणालाही बाद करू नका’ हा सल्ला गिऱ्हाइकांबद्दल द्यावा, त्यावर कोणाचीच हरकत नसेल.

याच 1978 च्या कायद्यात एक बाब आहे, जिचा भरतीच्या बैठकीत उल्लेख होत नाही. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे अशी योजना चालवणं तर गुन्हा आहेच, पण तिचा सदस्य होणं आणि तिच्यात भाग घेणं यालाही बंदी आहे. योजना उद्या बेकायदा ठरली तर ज्या आत्याला ‘एकदा येऊन तर बघ’ म्हणून नेलं ती निव्वळ फसलेली राहत नाही. तिने आणखी दोघींना आणलं असेल तर ती त्यांची गुन्हेगारही होते, कायद्याच्या नजरेत आणि त्याहून जास्त स्वतःच्या नजरेत. पैसे बुडालेली माणसं पोलिसांकडे का जात नाहीत, याचं एक मोठं कारण मला हे दिसतं. तक्रार लिहायची म्हणजे जावेला, मेव्हण्याला, शेजारच्या काकूंना आपण आणलं हे कबूल करायचं. ‘स्पीक एशिया’ची घटना आठवावी. वर्षाचे 11,000 रुपये भरून ऑनलाइन प्रश्नावल्या भरायच्या आणि माणसं आणायची, असा तो प्रकार 2011 मध्ये कोसळला आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. तेव्हा कंपनीच्या बाजूने बोलणाऱ्यांत पैसे अडकलेले लोकच पुढे होते. त्यांना भोळं म्हणून सोडून देणं मला पटत नाही. खाली आणलेली माणसं हे त्यांचं ओझं होतं, आणि कंपनी खरी ठरली तरच ते उतरणार होतं.

सज्ञान माणूस स्वतः ठरवतो, आम्ही फक्त संधी दाखवतो, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर याच ठिकाणी आहे. ठरवायला माहिती लागते आणि नकार द्यायला मोकळीक लागते. फोनवर प्लॅन सांगू नका, नुसती उत्सुकता वाढवा, भेटायला बोलवा, हे शिकवलेलं असतं, त्यामुळे माणूस घरातून निघतो तेव्हा कशासाठी निघालोय हेच त्याला ठाऊक नसतं. सभागृहात त्याच्या शेजारी मामेभाऊ बसलेला असतो, आणि आपल्या नात्यांत मोठ्या भावाला त्याच्या लीडरसमोर ‘नाही’ म्हणणं म्हणजे त्याचा चारचौघांत अपमान करणं. जो नंतर विचार करून नकार देतो त्याला ‘निगेटिव्ह’ म्हणतात आणि त्याच्यापासून दूर राहायला सांगतात. माणसं आत घेताना मन मोकळं, आणि आत आलेल्या माणसाने आकडे विचारले, खर्च मांडला, बायकोच्या शंका बोलून दाखवल्या की तेच मन बंद. मोकळेपणा इतका एकतर्फी असेल तर त्याला मी सद्गुण म्हणणार नाही.

सगळ्यांत गंभीर आक्षेप मी शेवटी घेतो, कारण त्याला झटकून टाकणं अन्यायाचं होईल. ज्यांना कोणीच विचारत नाही त्यांना नेटवर्क विचारतं, असं त्याचं म्हणणं आहे. पदवी घेऊन घरी बसलेली मुलगी, स्पर्धा परीक्षांत चार-पाच वर्षं घालवून तिशी ओलांडलेला मुलगा, निवृत्त शिपाई, मुलं मोठी झाल्यावर रिकामी झालेली गृहिणी. यांना कोणत्या ऑफिसात खुर्ची मिळते? आणि इथे त्यांना बूट-टाय घालून मंचावर बोलावतात, माइकवर नाव घेतात, सभागृह टाळ्या वाजवतं. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्तृत्वाला टाळ्या वाजवल्या तिला स्वतःसाठी टाळ्या ऐकू येतात. हे मी कमी लेखत नाही. आपल्या समाजाने माणसं जन्मावरून, भाषेवरून, बाईपणावरून आधीच बाद केलेली आहेत आणि ती भूक खरी आहे. पण मान देणं आणि कमाई देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या बळावर दुसरीचं आश्वासन विकलं जातं तेव्हा फसवणूक अधिक खोल जाते, कारण पैशाबरोबर मानही परत जातो. काही महिन्यांनी ती गृहिणी मंचावर नसते, तिची खरेदी थांबलेली असते, ग्रुपवर तिचं नाव कोणी घेत नाही, आणि तिला सांगितलेलं असतं की जे सोडून जातात त्यांच्यातच कमतरता असते. समाजाने तिला एकदा बाद केलं होतं. आता ती स्वतःला बाद करते.

आणि खुलं दार असलेला धंदा अशक्य आहे असंही नाही. मुंबईत गिरगावात 15 मार्च 1959 ला सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड उभं राहिलं आणि आज 45 हजारांहून अधिक भगिनी तिथे सभासद आहेत. दार तिथेही उघडं आहे. शिक्षण विचारत नाहीत, जात-धर्म विचारत नाहीत, भांडवल आणायला सांगत नाहीत. सकाळी भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवून आणायचं, वजन होतं, पापड तपासले जातात, वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, हातात पडते. पापड जाड झाला, ओला राहिला तर तो परत येतो. म्हणजे पारख आहे, ती कामाची आहे. लाटणारीची वणाई तिने किती मैत्रिणी आणल्या यावर ठरत नाही, पापड खाणाऱ्या अनोळखी घरांच्या खिशातून ती येते. एक बाई सभासद झाली म्हणून दुसरीचं घर बसत नाही. नेटवर्कचे लोक ज्या समतेचं श्रेय घेतात, ती समता इथे साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि पहिल्या संस्थापिकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती कोणाच्या खाली माणसं लावून नाही.

माझी मागणी साधी आहे. ज्याला कोणालाही आधीच बाद करायचं नाही, त्याने यादीतल्या प्रत्येकासमोर बसताना पहिल्या पाच मिनिटांत स्वतःचा हिशेब ठेवावा: गेल्या वर्षी मला कमिशन किती मिळालं, मी स्वतः माल किती घेतला, सेमिनार, तिकिटं आणि पेट्रोलवर किती गेले, माझ्या खालच्या किती जणांनी वर्षभरात काम सोडलं, आणि साखळीबाहेरची किती घरं माझ्याकडून नियमाने माल घेतात. मग समोरच्याला त्याच्या कर्जाबद्दल आणि हाताशी असलेल्या पैशाबद्दल विचारावं, आणि उत्तर ऐकून काही जणांना ‘तू यात पडू नकोस’ असं सांगावं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने कंपन्यांना दरवर्षी तळापर्यंतच्या सगळ्या आयडींची, शून्य कमाईवाल्यांसकट आणि खर्च वजा करून, कमाई जाहीर करायला भाग पाडावं आणि तो एक पानाचा तक्ता मराठीत, सही घेण्याआधी, येणाऱ्याच्या हातात द्यायला लावावं. राज्य सरकारांवर या धंद्यावर देखरेखीची जबाबदारी 2021 च्या नियमांनी टाकलेलीच आहे. सभागृहाच्या दाराशी असा तक्ता मिळत आहे की नाही, एवढं तपासायला महाराष्ट्र सरकारला वेगळा कायदा करावा लागणार नाही.